किल्केनीचा किल्ला: पावणेसहाशे वर्षांची मालकी पन्नास पौंडांत कशी संपली?

पांथस्थ (प्रश्नकर्ता):

नमस्कार. गेली तीन वर्षे मी नोकरीनिमित्त डब्लिनला राहतो. मागच्या महिन्यात आई-बाबा इकडे आले होते, तेव्हा त्यांना घेऊन किल्केनीला गेलो आणि नोर नदीच्या काठी, गावाच्या एका टोकाला उंचावर उभा असलेला तिथला किल्ला आम्ही सावकाश पाहिला. बाबांनी सह्याद्रीतले बरेच किल्ले पायी पालथे घातलेले आहेत. त्यामुळे त्यांच्या लक्षात लगेच आले की या किल्ल्याच्या चौकाला तीनच बाजू आहेत. चौथी बाजू मोकळी असून तिथून थेट उद्यानाची हिरवळ सुरू होते. एक बाजू उघडी ठेवून कोणी किल्ला बांधत नाही, असे ते परत येईपर्यंत म्हणत होते आणि त्यांचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही.

आत सगळीकडे बटलर या एकाच घराण्याची चित्रे, नावे आणि राजचिन्हे आहेत. तिथल्या माहितीनुसार १३९१ पासून १९३५ पर्यंत हे घराणे या किल्ल्यात नांदले आणि १९६७ मध्ये त्यांनी तो गावातल्या लोकांच्या समितीला अवघ्या पन्नास पौंडांना दिला. हे ऐकल्यापासून माझ्या मनात तीन प्रश्न घोळत आहेत. पहिला प्रश्न असा की किल्ला बटलरांनी बांधलेला नाही, तर मग तो त्यांच्याकडे आला कसा? दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आयर्लंडमध्ये सोळाव्या आणि सतराव्या शतकांत बहुतेक जुनी सरदार घराणी जमीनदोस्त झाली, मग हे एकच घराणे इतकी शतके टिकले ते कशाच्या बळावर? आणि जे घराणे युद्धांत, बंडांत, धर्माच्या भांडणांत टिकले, त्याने शेवटी आपले राहते घर नाममात्र किमतीला का सोडले? जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

जुनी पाने:

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे मागून सुरू करावे लागेल, कारण बटलर या किल्ल्यात आले तेव्हा तो बांधून जवळजवळ पावणेदोनशे वर्षे होऊन गेली होती.

लेन्स्टरचा, म्हणजे आयर्लंडच्या पूर्वेकडच्या प्रांताचा, पदच्युत राजा डर्मट मॅकमरो याने आपली गादी परत मिळवण्यासाठी नॉर्मन सरदारांची मदत मागितली आणि त्या मदतीच्या बदल्यात रिचर्ड द क्लेअर, म्हणजेच स्ट्राँगबो, याला आपली मुलगी ईफा देऊ केली. हे लग्न ११७० मध्ये वॉटरफर्डला झाले. पुढच्याच वर्षी डर्मट वारला आणि लेन्स्टर जावयाकडे आले. नोर नदी ओलांडण्याची जागा जिथून नजरेत राहते त्या उंचवट्यावर स्ट्राँगबोने लाकडी गढी उभारली. आजचा किल्ला त्याच जागी आहे. स्ट्राँगबो ११७६ मध्ये वारला. त्याची मुलगी इझाबेल ही त्या सगळ्या मुलखाची वारस ठरली आणि ११८९ मध्ये तिचे लग्न विल्यम मार्शल याच्याशी झाले. आपल्या काळातला सर्वांत नावाजलेला योद्धा म्हणून ज्याची ख्याती होती तो हाच मार्शल. लाकडी गढीच्या जागी चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज असलेला दगडी किल्ला त्याने तेराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधून घेतला आणि १२०७ मध्ये गावाला सनदही दिली. आज आपण जे तीन जाड, गोल बुरूज पाहिलेत ते त्याच्याच काळचे.

यानंतरची हकिकत मला नेहमी विलक्षण वाटत आली आहे. मार्शलला पाच मुलगे होते. पाचही जण एकामागोमाग एक पेम्ब्रोकचे अर्ल (अर्ल ही सरदारकीची एक मोठी पदवी) झाले आणि पाचही जण औरस संततीवाचून वारले. त्यांतला दुसरा, रिचर्ड, १२३४ मध्ये किल्डेअरच्या माळावरच्या लढाईत जखमी झाला आणि याच किल्ल्यात त्याने प्राण सोडला. १२४५ पर्यंत पुरुषवंश संपला. मार्शलच्या पाच मुलींमध्ये आणि त्यांच्या वारसांमध्ये लेन्स्टरची वाटणी झाली आणि किल्केनी गेले ते त्याची मुलगी इझाबेल हिच्या वंशाकडे, म्हणजे ग्लॉस्टरच्या क्लेअर घराण्याकडे. त्या घराण्याचा शेवटचा पुरुष १३१४ मध्ये बॅनकबर्नच्या लढाईत स्कॉटलंडच्या सैन्याकडून मारला गेला. पुन्हा वारसा बहिणींकडे आला. किल्केनी एलिनॉरच्या वाट्याला आले. तिचा नवरा धाकटा ह्यू डिस्पेन्सर, जो राजा दुसऱ्या एडवर्डचा लाडका म्हणून प्रसिद्ध होता आणि त्याच कारणाने १३२६ मध्ये ज्याला देहांत शिक्षा झाली.

म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षे हा किल्ला अशा लोकांच्या मालकीचा होता ज्यांचा जीव इंग्लंडच्या राजकारणात आणि तिथल्या जमिनींत गुंतलेला होता. किल्केनी त्यांच्या दृष्टीने समुद्रापलीकडची एक मिळकत होती. मालक दूर, वसुली अवघड आणि भोवतालच्या गेलिक, म्हणजे मूळ आयरिश, टोळ्यांचा जोर वाढत चाललेला, अशा स्थितीत ती मिळकत विकून टाकावी असे डिस्पेन्सरांना वाटले यात नवल नाही.

घेणारे बटलर मात्र त्याच परिसरातले होते. त्यांचा मूळपुरुष थिओबाल्ड वॉल्टर हा ११८५ मध्ये राजपुत्र जॉनबरोबर आयर्लंडमध्ये आला. राजाच्या पानपात्राची व्यवस्था पाहण्याचा मान त्याला वंशपरंपरेने मिळाला आणि त्या हुद्द्यावरूनच घराण्याचे बटलर हे आडनाव पडले. त्या हुद्द्याबरोबर आयर्लंडच्या बंदरांत उतरणाऱ्या मद्यातला ठरावीक वाटाही घराण्याकडे आला. हा वाटा लक्षात ठेवावा, कारण सहाशे वर्षांनी त्याचे फार मोठे पैसे झाले. १३२८ मध्ये त्यांना ऑर्मंडचे अर्ल ही पदवी आणि टिपरेरी परगण्यात जवळजवळ राजासारखे अधिकार मिळाले. तिसऱ्या अर्लचे ठाणे किल्केनीपासून थोड्याच अंतरावर गौरन इथे होते. १३९१ मध्ये त्याने किल्केनीचा किल्ला डिस्पेन्सरांकडून विकत घेतला. लढून जिंकलेला किंवा राजाने बक्षीस दिलेला हा किल्ला नव्हे. रीतसर खरेदीखताने घेतलेली ही वास्तू आहे, आणि पुढची सगळी शतके या घराण्याने कागदपत्रे जिवापाड का जपली ते यावरून समजते.

तळटीप:

वरचा प्रतिसाद अत्यंत नेटका आहे. मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळते, कारण माझ्या मते या घराण्याचे टिकणे तलवारीपेक्षा लग्नांवर आणि वारसाहक्काच्या खटल्यांवर अधिक अवलंबून होते, आणि दोनदा तर किल्ला हातचा जाता जाता राहिला.

पहिला प्रसंग १५१५ सालचा. सातवा अर्ल थॉमस इंग्लंडमध्ये वारला. त्याला दोन मुलीच होत्या. त्यांतल्या मार्गारेटचा मुलगा थॉमस बुलिन याने आजोळच्या पदवीवर दावा सांगितला, तर आयर्लंडमधला चुलत शाखेचा पिअर्स बटलर, ज्याला तांबूस वर्णामुळे पिअर्स रुआ म्हणत, याने पुरुषवंशाच्या नात्याने तीच पदवी मागितली. प्रत्यक्षात जमिनी आणि किल्ला पिअर्सच्या ताब्यात होते आणि राजदरबारात वजन मात्र बुलिनचे होते. भांडण मिटवण्यासाठी असा तोडगा निघाला की पिअर्सच्या मुलाने, जेम्सने, थॉमस बुलिनच्या मुलीशी लग्न करावे. ती मुलगी म्हणजे ॲन बुलिन. ही सोयरीक जमली असती तर ॲन किल्केनीच्या किल्ल्याची मालकीण झाली असती आणि इंग्लंडच्या इतिहासाचे पुढचे पान कसे लिहिले गेले असते, हे सांगता येत नाही. सोयरीक फिसकटली. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचे मन ॲनवर जडले आणि १५२८ मध्ये पिअर्सला ऑर्मंडची पदवी सोडून ऑसरीचा अर्ल या नव्या पदवीवर समाधान मानावे लागले. १५२९ मध्ये ऑर्मंडची पदवी थॉमस बुलिनला मिळाली. १५३६ मध्ये ॲनचा शिरच्छेद झाला, बुलिनांचे दिवस फिरले आणि १५३८ मध्ये ऑर्मंडची पदवी पिअर्सकडे परत आली. पुढच्या वर्षी तो वारला. या सगळ्या काळात त्याची बायको मार्गारेट फिट्झजेराल्ड, किल्डेअरच्या अर्लची मुलगी, घराण्याचा कारभार ज्या करारीपणाने पाहत होती, त्याच्या आठवणी किल्केनीत अजून सांगितल्या जातात.

पिअर्सचा नातू थॉमस, ज्याला काळा टॉम म्हणत, लहानपणी इंग्लंडच्या दरबारात राजपुत्र एडवर्डच्या सोबतीने वाढला. राणी एलिझाबेथ ही ॲन बुलिनची मुलगी असल्यामुळे दोघांच्या रक्ताच्या नात्याचा धागा जुळत होता आणि राणीने ते नाते कधी सोडले नाही. मन्स्टर या दक्षिणेकडच्या प्रांतातल्या डेझमंडच्या फिट्झजेराल्डांशी बटलरांचे पिढीजात वैर होते. १५६५ मध्ये ॲफेन इथे दोन्ही घराण्यांची उघड लढाई झाली आणि डेझमंडचा अर्ल जखमी होऊन टॉमच्या हाती सापडला. पुढे डेझमंडने राणीविरुद्ध बंड केले आणि त्याचे घराणे समूळ गेले. काळा टॉम राणीच्या बाजूने उभा राहिला आणि तरला. मूळ प्रश्नकर्त्यांनी ज्या टिकण्याविषयी विचारले आहे त्याचे मर्म मला इथे दिसते. हे घराणे नॉर्मन मुळाचे असले तरी त्यातली कित्येक माणसे आयरिश भाषा सफाईने बोलत, गेलिक घराण्यांशी सोयरीक करीत, आणि तरीही निर्णायक वेळी त्यांचे प्रमुख इंग्लंडच्या राजाकडे पाठ फिरवत नसत. १३६६ मध्ये याच किल्केनीत कायदे करून इंग्रज वसाहतवाल्यांना आयरिश भाषा, वेष आणि सोयरीक यांची मनाई केलेली होती. ती मनाई बटलरांसारख्या घराण्यांनी पाळली असती, तर स्थानिक लोकांवर त्यांची इतकी दीर्घ पकड राहिली नसती, असे माझे मत आहे.

दुसरा प्रसंग काळ्या टॉमच्या मृत्यूनंतरचा, म्हणजे १६१४ नंतरचा. त्यालाही औरस मुलगा उरला नव्हता. एक मुलगी होती, एलिझाबेथ; तिचा नवरा रिचर्ड प्रेस्टन हा राजा पहिल्या जेम्सच्या मर्जीतला. पदवी पुतण्याकडे, वॉल्टरकडे, गेली. हा वॉल्टर इतका निष्ठावान कॅथलिक होता की जपमाळांचा वॉल्टर असेच त्याचे नाव पडले. मालमत्तेचा निवाडा राजाने स्वतः केला आणि किल्ल्यासह मोठा हिस्सा प्रेस्टनच्या पदरात टाकला. वॉल्टरने निवाडा मानायला नकार दिला, म्हणून १६१९ पासून सहा वर्षे तो लंडनच्या फ्लीट तुरुंगात पडला. त्याचा मुलगा १६१९ मध्येच समुद्रात बुडून मेला. नातू जेम्स लहान होता, त्याला राजाच्या ताब्यात घेऊन कँटरबरीच्या आर्चबिशपच्या घरी प्रॉटेस्टंट म्हणून वाढवण्यात आले. शेवटी याच जेम्सने १६२९ मध्ये प्रेस्टनच्या मुलीशी, म्हणजे आपल्या दूरच्या बहिणीशी, लग्न केले आणि राजाच्या निवाड्याने फाडलेली मिळकत पुन्हा एका घरात आली. शंभर वर्षांपूर्वी बुलिनच्या बाबतीत जी युक्ती फसली होती ती या खेपेला साधली. तुरुंगातून सुटलेल्या आजोबांच्या डोळ्यांदेखत हे घडले, ही गोष्ट मला फार हृद्य वाटते.

पांथस्थ:

दोघांचेही मनापासून आभार. आजोबा कॅथलिक आणि नातू प्रॉटेस्टंट, हे वाचल्यावर किल्ल्यातल्या चित्रांकडे मी पुन्हा वेगळ्या नजरेने पाहीन. पण मग १६४० नंतर, जेव्हा आयर्लंडमध्ये कॅथलिकांचा उठाव झाला आणि पाठोपाठ क्रॉमवेल आला, तेव्हा या जेम्सने कोणती बाजू घेतली? आणि बाबांचा प्रश्न राहिलाच आहे: चौथी भिंत गेली कुठे?

दगडमाती:

मी वास्तुरचनेचा अभ्यासक आहे आणि किल्केनीला दोनदा मुद्दाम जाऊन आलो आहे. आपले दोन प्रश्न खरे तर एकच आहेत, कारण भिंत गेली ती त्याच युद्धात. आपल्या वडिलांची नजर अचूक आहे.

१६४१ च्या उठावानंतर आयर्लंडमधल्या कॅथलिक पुढाऱ्यांनी १६४२ मध्ये किल्केनीला आपली राजधानी केले. त्यांची महासभा तिथे भरू लागली, आणि १६४५ च्या नोव्हेंबरात पोपचा वकील रिनुचिनी आला तेव्हा त्याचे स्वागत याच किल्ल्यात झाले. आणि किल्ल्याचा मालक, म्हणजे तोच जेम्स बटलर, बारावा अर्ल, त्या वेळी डब्लिनमध्ये राजा पहिल्या चार्ल्सचा सेनापती म्हणून त्यांच्याविरुद्ध उभा होता. त्याचे कितीतरी आप्तेष्ट दुसऱ्या बाजूला होते. आपल्याच घरात बसलेल्या विरोधकांशी त्याला वर्षानुवर्षे लढावे आणि बोलणी करावी लागली. १६४९ च्या जानेवारीत दोन्ही बाजूंचा तह अखेर किल्केनीत झाला, परंतु त्याच महिन्याच्या अखेरीस लंडनमध्ये राजाचा शिरच्छेद झाला आणि उन्हाळ्यात इंग्लंडच्या संसदेचा सेनापती क्रॉमवेल आयर्लंडला उतरला.

मार्च १६५० मध्ये क्रॉमवेलने किल्केनीला वेढा घातला. गावात प्लेगची साथ होती आणि शिबंदीतली बरीच माणसे त्यातच गेली होती. तोफांच्या माऱ्याने किल्ल्याची पूर्वेकडची भिंत आणि ईशान्येचा बुरूज यांची पडझड झाली. पाचसहा दिवसांत किल्ला शरण आला. ती भिंत आणि तो बुरूज पुढे पाडून टाकण्यात आले आणि पुन्हा कधी बांधले गेले नाहीत. आपण ज्या मोकळ्या बाजूने हिरवळीत उतरलात ती ही जागा.

पुन्हा बांधले का नाहीत, हे मला अधिक विचार करण्याजोगे वाटते. जेम्स दुसऱ्या चार्ल्सबरोबर परदेशात वनवास भोगून १६६० मध्ये परतला आणि १६६१ मध्ये ड्यूक झाला. पैसा आणि सत्ता दोन्ही त्याच्या हाती होते. पण फ्रान्समध्ये त्याने पाहिलेले सरदारांचे वाडे त्याच्या डोळ्यांपुढे होते, आणि तोफांच्या जमान्यात जुन्या तटबंदीचा उपयोग राहिला नाही हेही त्याला कळून चुकले होते. त्यामुळे त्याने किल्ल्याचे रूपांतर बागा, कारंजी, मोठ्या खिडक्या आणि उतरत्या छपरांच्या वाड्यात केले. लढाईने पाडलेली बाजू त्याने तशीच मोकळी ठेवली असावी ती प्रकाशासाठी आणि बागेच्या दर्शनासाठी, असे तिथल्या चौकात उभे राहिले की मला वाटते. मार्शलच्या किल्ल्याला जी उणीव ठरली असती, तीच ड्यूकच्या वाड्याची शोभा झाली.

रस्त्याकडच्या बाजूला जो अभिजात शैलीतला दरवाजा आहे तो दुसऱ्या ड्यूकच्या काळापर्यंतचा. या दुसऱ्या ड्यूकने घराणे पुन्हा संकटात टाकले. गादीवरून दूर झालेल्या स्टुअर्ट राजवंशाच्या बाजूने कारस्थान केल्याचा आरोप त्याच्यावर १७१५ मध्ये आला, तो फ्रान्सला पळाला आणि त्याची पदवी व मालमत्ता जप्त झाली. १७४५ मध्ये ॲव्हिन्यॉनला तो वारला. टिपरेरीतले ते विशेष अधिकारही १७१५ मध्येच संपले. मिळकत त्याच्या भावाने १७२१ मध्ये परत विकत घेतली, पण तिथे राहायला कोणी आले नाही आणि अर्धे शतक किल्ल्याची हेळसांड होत राहिली. १७६६ मध्ये चुलत शाखेतल्या वॉल्टर बटलरकडे वारसा आला, त्याच्या मुलाने कॅसलकोमरच्या श्रीमंत वारस मुलीशी लग्न केले आणि १७९१ मध्ये अर्लची पदवी मान्य करून घेतली. समोरच्या रस्त्यापलीकडे अर्धवर्तुळाकार तबेले आहेत ते याच काळातले.

आज बाहेरून जो किल्ला दिसतो तो मात्र पुष्कळसा एकोणिसाव्या शतकाचा आहे. विल्यम रॉबर्टसन या वास्तुविशारदाने १८२६ पासून ड्यूकच्या काळातली सजावट काढून टाकून इमारतीला पुन्हा मध्ययुगीन किल्ल्याचे रूप दिले. म्हणजे खऱ्या किल्ल्याचा वाडा झाला आणि वाड्याचा पुन्हा किल्ला करण्यात आला! सुमारे दीडशे फूट लांबीचे चित्रदालन, ज्याच्या लाकडी छतावरची रंगवलेली नक्षी पाहताना मान अवघडते, ते पुढे डीन आणि वुडवर्ड या वास्तुविशारदांनी सुधारले आणि छताची चित्रकारी जॉन हंगरफर्ड पोलन याने केली.

हिशेबवही:

तिसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही. त्याचे उत्तर आकड्यांत आहे.

जुनी पाने यांनी मद्याच्या वाट्याचा उल्लेख केला आहे. तो हक्क बटलरांकडे एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू राहिला आणि १८११ मध्ये अठराव्या अर्लने तो २,१६,००० पौंडांना सरकारला परत विकला. त्या काळाच्या मानाने ही अफाट रक्कम आहे. यानंतर घराण्याचे पोट मुख्यतः कुळांकडून येणाऱ्या खंडावर अवलंबून राहिले. १८७० च्या दशकाच्या शेवटी हा खंड वर्षाला सुमारे २२,००० पौंड होता.

त्याच सुमारास आयर्लंडमध्ये कुळांची मोठी चळवळ उभी राहिली. खंड कमी करावा, कुळाला जमिनीवरून मनमानीने हुसकावून लावू नये आणि शेवटी जमीन कसणाऱ्याच्या मालकीची व्हावी, या मागण्यांपुढे ब्रिटिश संसदेला एकामागून एक कायदे करावे लागले. महाराष्ट्रातल्या वाचकांना कुळकायदा माहीत आहे, म्हणून फरक सांगतो: आयर्लंडमध्ये सरकारने कुळांना कर्ज दिले, त्या पैशांतून जमीनदाराची किंमत चुकती झाली आणि कुळाने ते कर्ज हप्त्यांनी फेडायचे होते. १९०३ च्या विंडहॅम कायद्याने ही फेड साडेअडुसष्ट वर्षांवर पसरवली आणि विकणाऱ्या जमीनदारांना वर बारा टक्के अधिक रक्कम दिली. त्यामुळे बहुतेकांनी जमिनी विकल्या. जमीनदारांच्या हाती जमिनीऐवजी गुंतवणूक आली, आणि गुंतवणुकीने किल्ला पोसला जात नाही. १९१९ मध्ये घराण्याचा प्रमुख, तिसरा मार्क्विस (अर्लच्या वरची पदवी), वारला, तेव्हा वारसाकर आणि इतर देणी मिळून १,६६,००० पौंडांचा बोजा पडला. गुंतवणुकीचे उत्पन्न १९२७ पर्यंत ९,००० पौंड आणि १९५० पर्यंत ८५० पौंड इतके खाली आले. शेकडो खिडक्यांची, दरवर्षी छपराची डागडुजी मागणारी ती इमारत या पैशांत सांभाळणे कोणालाच शक्य नव्हते.

त्यात राजकीय उलथापालथ झाली. मे १९२२ मध्ये, यादवी युद्धाला तोंड फुटण्याच्या थोडे आधी, आयर्लंडच्या स्वातंत्र्याबाबत इंग्लंडशी झालेल्या कराराच्या विरोधातल्या सैनिकांनी किल्ला ताब्यात घेतला आणि कराराच्या बाजूच्या सैनिकांनी त्याला वेढा घातला. लॉर्ड ऑसरी, म्हणजे पुढचा पाचवा मार्क्विस, आणि त्यांची पत्नी त्या गोळीबारात किल्ल्यातच राहिली. त्या वर्षांत आयर्लंडमधल्या कितीतरी जमीनदारांच्या हवेल्या जाळल्या गेल्या, पण किल्केनीचा किल्ला वाचला. तरीही १९३५ मध्ये कुटुंब लंडनला गेले आणि किल्ल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. त्याचे सुमारे ६,००० पौंड आले. त्यानंतरची तीस वर्षे इमारत रिकामी, गळकी, कुजत राहिली.

१२ ऑगस्ट १९६७ रोजी सहावे मार्क्विस आर्थर बटलर यांनी किल्ला किल्केनीच्या जीर्णोद्धार समितीला पन्नास पौंडांना दिला. आयर्लंडमध्ये आधीच पुष्कळ भग्नावशेष आहेत, त्यांत या किल्ल्याची भर पडू नये, अशा अर्थाचे त्यांचे त्या वेळचे उद्गार होते. पन्नास पौंड ही किल्ल्याची किंमत समजू नये. दुरुस्तीचा खर्च ज्याच्या अंगावर पडणार त्याला तो विनाअट आणि कायदेशीरपणे सोपवता यावा, एवढ्यापुरती ती रक्कम होती. दोन वर्षांनी, १९६९ मध्ये, किल्ला सरकारच्या ताब्यात आला आणि गेली पन्नासहून अधिक वर्षे त्याची निगा सरकारी बांधकाम खाते राखते आहे. मार्क्विस ही पदवी मात्र सातव्या मार्क्विसबरोबर १९९७ मध्ये संपली, कारण त्यांना मुलगा नव्हता. मार्शलच्या पाच मुलांपासून चालत आलेली निपुत्रिकपणाची कथा इथेही पुन्हा दिसते.

तळटीप:

हिशेबवही यांच्या प्रतिसादाला एक पुस्ती जोडणे मला आवश्यक वाटते. घराण्याची ओहोटी वाचताना वाईट वाटते आणि वाटायलाही हवे. पण २२,००० पौंडांचा तो खंड भरणारी माणसे कोण होती, हेही तितक्याच आस्थेने सांगितले पाहिजे. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि आयर्लंडमधली सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व साथींनी मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. त्याच्या थोडे आधी आणि थोड्याच वर्षांनंतर या किल्ल्यात लाखमोलाचे बांधकाम चालू होते. हा बटलरांवरचा आरोप नव्हे. ती सगळ्या व्यवस्थेचीच स्थिती होती. परंतु १९६७ मध्ये किल्ला ज्यांच्या हाती आला ते त्याच कुळांचे वंशज होते, आणि तो पाडून टाकण्याऐवजी त्यांनी वर्गणी काढून उभा ठेवला. या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो.

पांथस्थ:

आपणा सर्वांचे उत्तर मी आज रात्री फोनवर बाबांना वाचून दाखवले. पूर्वेची भिंत तोफांनी गेली हे ऐकून त्यांचे समाधान झाले. ॲन बुलिनची हकिकत मात्र आईला इतकी आवडली की तिने ती दोनदा वाचायला लावली. पुढच्या महिन्यात मी एकटा पुन्हा किल्केनीला जाणार आहे. पिअर्स आणि मार्गारेट यांच्याशी संबंधित असे किल्ल्याबाहेर काही पाहायला मिळते का?

जुनी पाने:

अवश्य मिळते. किल्ल्यापासून गावाच्या मुख्य रस्त्याने सरळ दुसऱ्या टोकाला चालत जावे, साधारण पंधरा-वीस मिनिटांत सेंट कॅनिस हे कॅथेड्रल लागते. त्याच्या दक्षिणेकडच्या बाजूदालनात दोघांची समाधी आहे. काळसर चुनखडीच्या दगडात कोरलेल्या पूर्णाकृती मूर्ती शेजारी शेजारी निजलेल्या आहेत. पिअर्स चिलखतात आहे आणि मार्गारेटच्या पायघोळ वस्त्राची प्रत्येक चुणी बारकाईने घडवलेली आहे. क्रॉमवेलच्या सैन्याने त्या कॅथेड्रलचीही नासधूस केली होती, तरी या मूर्ती आपल्यापर्यंत पोचल्या. सकाळी जावे, म्हणजे वस्त्राच्या चुण्या नीट दिसतील इतका उजेड असतो.